फिशटँकमधला निळा दिवा

आमच्या थोरल्या ताईचे घर मालाड पूर्वेला, कुरार गावात. दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा. दारातून आत शिरले की समोर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली टीव्ही, आणि टीव्हीच्या शेजारी लोखंडी स्टँडवर दोन फुटांचा फिशटँक. हा टँक घरात आला तो टाळेबंदीत. २०२० साली शाळा बंद झाल्या, पोरांना गल्लीतही खेळता येईना. तेव्हा आमच्या नऊ वर्षांच्या भाच्याने हट्ट धरला आणि दाजींनी ओळखीच्या एका माणसाचा वापरलेला टँक आणून दिला. सहा गप्पी, चार मॉली, दोन गोल्डफिश. पोरगा दिवसदिवस त्यासमोर बसून असायचा. अभ्यासाचे पुस्तकसुद्धा तिथेच उघडायचा.

पुढच्या वर्षी पाणी हिरवे झाले. आधी फिकट, मग इतके गर्द की मासे काचेला चिकटले तरच दिसायचे. रविवारी पाणी बदलावे, बुधवारपर्यंत पुन्हा तेच. त्यातच एका मॉलीच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले. कोणीतरी दाजींना सांगितले, "यूव्हीचा दिवा लावा, सगळे जंतू मरतात." दाजींनी बाजारातून तसा एक दिवा आणला. काचेची नळी, टोकाला टोपी आणि वायर, बस्स. तो टँकच्या कडेला अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असा टांगला. छान निळा उजेड पडला. निळा रंग आपल्या घरांतून आवडीचाच. ताईने वरची ट्यूबलाईटही बंद केली आणि सगळे घर त्या उजेडात जेवायला बसले.

मध्यरात्री भाचा रडत उठला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचत होते, पाणी थांबत नव्हते. दाजींचीही तीच गत. ताई स्वयंपाकाच्या ओट्याकडे पाठ करून बसली होती, ती तेवढी वाचली. सकाळी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात किंवा शेजारी वेल्डिंगचं काम चालू आहे का?" वेल्डिंगचा उजेड लागला की डोळ्यांच्या वरच्या पडद्याला जी इजा होते, तीच ही. लगेच कळत नाही, काही तासांनी कळते. दोन दिवसांत दोघेही बरे झाले, पण ते दोन दिवस ताईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. एका गोल्डफिशचे डोळे पांढुरके झाले आणि आठवड्याने तो गेला. त्याच्यासाठी भाचा डोळ्यांच्या दुखण्यापेक्षा जास्त रडला.

वाचक बंधू-भगिनींनो, असे दिवे करोनाच्या काळात बाजारात फार आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच बजावले होते की हात किंवा अंगाचा कोणताही भाग जंतुमुक्त करण्यासाठी यूव्ही दिवा वापरू नये. पण असे इशारे गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्या वस्त्यांतून फिशटँक आता पुष्कळ दिसतात. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या बाजारातून मासे आणि सामान थेट आपल्या नाक्यावर येते. म्हणून या दिव्याची खरी हकिकत सांगावी असे आम्हाला वाटले.

हकिकत सांगणारे आम्ही नव्हे, आमच्या ओळखीचे एक मामा आहेत. पाण्याचे प्युरिफायर दुरुस्त करत मालाड ते बोरिवली पायपीट करण्यात त्यांची उमर गेली. दाजींचा तो दिवा त्यांना दाखवला तेव्हा ते हसले नाहीत, रागावले. म्हणाले, "हा दिवा मी रोज हाताळतो. पण उघडा पेटवलेला मी आजवर पाहिला नाही. तो स्टीलच्या नळीत कोंडायचा असतो. तुम्ही तो देव्हाऱ्यातल्या समईसारखा लावलात!" मग चहा झाला आणि मामांनी आम्हाला शाळेतल्या पोरांसारखे शिकवले.

दिसतो तो उजेड वेगळा, काम करतो तो वेगळा

आपली साधी ट्यूबलाईट आणि हा दिवा सख्खी भावंडे. दोन्हींत पाऱ्याची थोडी वाफ असते. वीज गेली की ती वाफ अतिनील किरण सोडते. ट्यूबलाईटला आतून पांढरी पूड लावलेली असते. ती पूड हे किरण गिळते आणि त्यांचा आपल्याला दिसणारा पांढरा उजेड करते. उरलेसुरले किरण साधी काच अडवते. जंतुनाशक दिव्यात ती पूड नसते आणि काचही खास असते, किरणांना बाहेर सोडणारी. हे किरण २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे. सूर्यापासून निघणारे या जातीचे किरण वरच्या ओझोनच्या थरात अडतात, जमिनीपर्यंत येतच नाहीत. म्हणून ना आपल्या डोळ्यांना त्यांची सवय, ना जंतूंना. जंतूच्या पेशीतल्या डीएनएला ते असे बिघडवतात की त्याला आपली प्रजा वाढवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. हे २५४ चे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. आपण पाहतो तो निळा उजेड म्हणजे पाऱ्याच्या वाफेतून सोबत निघालेला जोडधंदा. जंतू मारण्याचे काम त्याचे नाही. त्यातून दोन घोटाळे होतात. पहिला घोटाळा बाजारातला. निळ्याजांभळ्या रंगाचे साधे एलईडी दिवे यूव्ही म्हणून खपवले जातात. ते दिसतात झकास, काम शून्य. दुसरा घोटाळा घरातला आणि तो अधिक मोठा. चांगला दिवासुद्धा साधारण आठ-नऊ हजार तास नीट काम करतो. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे रात्रंदिवस चालणारा दिवा वर्षभरात थकतो. त्याची काच हळूहळू काळवंडते, २५४ चे किरण कमी होत जातात, पण निळा उजेड तसाच राहतो. दोन-तीन वर्षे दिवा पेटलेला पाहून माणूस निर्धास्त असतो आणि आत पाणी जसेच्या तसे वाहत असते. मामा म्हणाले, "प्युरिफायरवाल्या घरांत हेच असतं. बाई म्हणतात, दिवा तर जळतोय, कशाला बदलू?"

आमच्या दाजींचा दिवा मात्र खरा निघाला. खोटा असता तर डोळे वाचले असते, असा हा उलटा न्याय!

खरा दिवा ओळखायचा तो पेटवून नाही, विझवून. काच आरपार स्वच्छ दिसते, आतल्या तारा दिसतात. टोपीवर जी८टी५ अशासारखा आकडा किंवा टीयूव्ही अशी अक्षरे आणि वॅट लिहिलेले असतात. जी म्हणजे जंतुनाशक जात, ८ म्हणजे वॅट. पांढऱ्या किंवा गडद जांभळ्या काचेचा दिवा या कामाचा नाही.

माशाला क्लोरीन चालत नाही

उजेडाने जंतू मरतात हे इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ साली दाखवून दिले होते. डेन्मार्कचे डॉक्टर फिन्सेन यांनी किरणांनी त्वचेच्या क्षयावर उपचार केले आणि १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळवले. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १९१० मध्ये नळाचे पाणी या दिव्यांनी शुद्ध करून पाहिले गेले. पण दिवे महाग आणि नाजूक, क्लोरीन स्वस्त आणि दणकट. शहरांनी क्लोरीन धरले.

आपल्या मुंबईचेही तेच. पश्चिम उपनगरांचे पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून येते. माणसाच्या दृष्टीने हे उत्तम, कारण क्लोरीन पाण्यात रेंगाळते आणि वाटेत पाइपात काही शिरले तर त्याचाही समाचार घेते. पण तेच रेंगाळणारे क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. म्हणून नळाचे पाणी थेट टँकमध्ये ओतू नये. आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळी येते, पिंपात भरून ठेवावे लागते. माशांच्या बाबतीत हा त्रास उपयोगी पडतो. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलेल्या पाण्यातले मोकळे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात.

यूव्हीचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट. पाणी दिव्यासमोरून गेले, काम झाले, पाण्यात मागे काहीच उरत नाही. म्हणून ते माशांना चालते. आणि म्हणूनच त्याची मर्यादाही कळते. दिव्यासमोरून जे पाणी गेले नाही त्याला काहीही झालेले नसते. टँकच्या तळातल्या वाळूत, काचेवरच्या शेवाळात, माशाच्या अंगावर जे बसले आहे त्याला दिवा हात लावू शकत नाही.

१९८० च्या दशकात घरोघर विकायला आलेल्या ॲक्वागार्डमध्ये हीच युक्ती होती. आपल्यातल्या बऱ्याच घरांत तेव्हा पाणी उकळून, फडक्याने गाळून पीत असत आणि ॲक्वागार्ड म्हणजे साहेबाच्या घरची वस्तू होती. आज त्या यंत्रांच्या सुट्या भागांच्या जोरावर मालाडचा कारागीर फिशटँकचे यंत्र जुळवू शकतो.

मामांनी बनवलेली नळी

यंत्र म्हणजे काय, तर नळीत नळी. आत दिवा. दिव्याभोवती क्वार्ट्झ काचेची नळी, एका टोकाला बंद, शाळेतल्या परीक्षानळीसारखी. साधी काच इथे चालत नाही, ती २५४ चे किरण अडवते. क्वार्ट्झ सोडते. या नळीमुळे दिवा कोरडा राहतो आणि भोवती हवेचा थर राहिल्याने थंडही पडत नाही. दिवा थंड पडला की किरण कमी होतात. सर्वांत बाहेर पाणी वाहण्याची बंद नळी. एका टोकाने पाणी शिरते, दुसऱ्या टोकाने बाहेर पडते आणि वाटेत दिव्याच्या अंगाला घासून जाते.

बाहेरची नळी कशाची? अनेकजण ड्रेनेजची पीव्हीसी नळी वापरतात. ती स्वस्त, पण किरणांनी आतून पिवळी पडते, कडक होते आणि एक दिवस तडकते. मामांनी प्युरिफायरचे स्टीलचे भांडे वापरले. स्टील टिकते आणि उजेड जरासा परत फेकते. समुद्राच्या पाण्याचा टँक असेल तर स्टीलही गंजते, पण आपल्याकडे तो शौक कोणाला परवडतो! पितळी किंवा तांब्याच्या जोडण्या टाळाव्या. तांबे पाण्यात उतरले तर गोगलगायी आणि झिंगे मरतात.

आता हिशेब. तो समजला तर दुकानदार फसवू शकत नाही. समजा बाहेरची नळी आतून ५ सेंटिमीटर व्यासाची, क्वार्ट्झ नळी बाहेरून अडीच सेंटिमीटरची आणि लांबी ३० सेंटिमीटर. मधल्या फटीत साधारण ४४० मिलिलिटर पाणी मावते. तासाला १५० लिटरचा प्रवाह ठेवला तर पाण्याचा प्रत्येक थेंब साडेदहा सेकंद दिव्यासमोर राहतो. तासाला ३०० लिटर केला तर सव्वापाच सेकंद. ६०० केला तर अडीच सेकंदांच्या थोडे वर. किरणांची मात्रा म्हणजे किरणांचा जोर गुणिले वेळ. वेळ निम्मा केला की मात्रा निम्मी. म्हणून 'मोठा पंप लावला तर लवकर साफ होईल' ही समजूत साफ चुकीची.

मग प्रवाह अगदी थेंबथेंब ठेवावा का? तेही नाही. ताईच्या टँकमध्ये सुमारे ५० लिटर पाणी आहे. तासाला १५० लिटर म्हणजे वीस मिनिटांत ५० लिटर दिव्यासमोरून जाते. पण सगळे पाणी गेले असे होत नाही, कारण साफ झालेले पाणी परत टँकमध्येच मिसळते आणि त्यातले काही पुन्हा ओढले जाते. पाणी नीट मिसळत असेल तर वीस मिनिटांनंतर शंभरातला ३७ वा भाग अजून दिव्यासमोर आलेलाच नसतो. चाळीस मिनिटांनी १३-१४, तासाभराने ५. प्रवाह फार मंद ठेवला तर हिरवे शेवाळ आणि जंतू टँकमध्ये वाढतात जास्त वेगाने आणि मरतात कमी वेगाने. दोन्हींचा मेळ घालावा लागतो. शेवाळ आणि बॅक्टेरियाला थोडी मात्रा पुरते. पांढऱ्या ठिपक्यांच्या जंतूंसारख्या मोठ्या जिवांना त्याच्या कितीतरी पट लागते, त्यांच्यासाठी प्रवाह मंद हवा.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा खरा मानू नका. तो पाणी वर न चढवता मोजलेला असतो. बाहेर पडणाऱ्या नळीखाली एक लिटरचे माप धरा आणि घड्याळ पाहा. २४ सेकंदांत भरले तर तासाला १५० लिटर, १२ सेकंदांत भरले तर ३००. हे मोजमाप आमच्या भाच्याने केले, चार वेळा, आणि प्रत्येक वेळी वहीत लिहिले.

बाकी जोडणी सोपी आहे. पाणी आधी स्पंजच्या फिल्टरमधून जावे, मग दिव्याकडे. गढूळ पाण्यात किरण आत शिरत नाहीत. शोभेसाठी टाकलेल्या लाकडाने पाणी चहासारखे झाले असेल तरीही तेच. नळी उभी ठेवावी, पाणी खालून शिरावे आणि वरून निघावे, म्हणजे आत हवा अडकत नाही. पंप बंद पडला तर दिवाही बंद करावा, नाहीतर आतले साचलेले पाणी तापत राहते. मात्र उगाच सारखी उघडझाप करू नये, त्याने दिव्याचे आयुष्य घटते.

विजेबद्दल आमचे धाकटे बंधू, जे वायरमन आहेत, यांनी मामांना एक शब्द बोलू दिला नाही. पाणी आणि वीज एका स्टँडवर! अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग पाहिजे. घराच्या बोर्डावर ३० मिलीॲम्पिअरवर पडणारा गळतीचा स्विच पाहिजे. आपल्या वस्तीत तो अनेक घरांत नसतो, पण फिशटँक ठेवणार असाल तर आधी तो बसवा, मासे नंतर आणा. वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून आलेले थेंब झोळातून खाली पडतील, सॉकेटमध्ये शिरणार नाहीत. चोक किंवा ॲडॉप्टर टँकच्या वर कधीही ठेवू नये. आणि हात पाण्यात घालण्यापूर्वी प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

वीज किती जळते? आठ वॅटचा दिवा रात्रंदिवस चालला तर महिन्याला पावणेसहा युनिट, चोकचे थोडे वेगळे. पंपाचे वेगळे.

पुसणे आणि बदलणे

क्वार्ट्झ नळीवर काही महिन्यांत पाण्यातल्या क्षारांचा आणि बुळबुळीत थराचा पडदा चढतो. चष्म्यावर धूळ बसावी तसा. मग नवा दिवासुद्धा आंधळा. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, पाणी बंद करून नळी बाहेर काढावी आणि व्हिनेगर किंवा लिंबाच्या फुलाचे पाणी लावून मऊ फडक्याने पुसावी. लिंबाचे फूल वाण्याकडे मिळते. भांडी घासायची घासणी लावू नये, ओरखडे पडतात. दिव्याच्या काचेला बोटांचे ठसे लागले तर स्पिरिटने पुसावे. रबराची कडी कडक झाली असेल तर तीही बदलावी. तिची किंमत काहीच नाही, पण ती गळली तर खोलीभर पाणी.

उघडून काम करताना दिवा चुकूनही पेटवू नये. 'लागतो का बघू' म्हणून सुद्धा नाही. पेटला की नाही हे पाहायला भांड्याच्या टोकाशी झाकलेली एक लहान खिडकी ठेवतात, तिच्यातून कळते.

दिवा फुटला तर त्यात थोडा पारा असतो. पोरांना बाहेर काढावे, दारे-खिडक्या उघडाव्या, झाडू न मारता जाड कागदाने तुकडे गोळा करावे, बारीक कण चिकटपट्टीने उचलावे आणि सगळे झाकणाच्या बाटलीत बंद करावे. थकलेला दिवाही कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. पाऱ्याचे दिवे २०१६ च्या नियमांपासून ई-कचऱ्यात धरले जातात. कचरा वेचणाऱ्या बाया-पोरांच्या हातात ती काच जाते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दिवा काय करत नाही

हे लिहिताना आम्हाला थोडा संकोच होतो, कारण एवढे पुराण सांगून झाल्यावर म्हणायचे ते हे की ताईच्या घरी हा दिवा नसता तरी चालले असते.

पाणी हिरवे का झाले होते? सकाळचे ऊन दारातून थेट टँकवर पडत होते आणि भाचा दिवसातून सहा वेळा खाद्य टाकत होता. टँक भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकवला, खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच ठेवले. मग मामांची नळी लावली आणि पाणी पाच-सहा दिवसांत निवळले. श्रेय दिव्याला मिळाले, निम्मे काम जागा बदलण्याने झाले होते. शिवाय मेलेले शेवाळ कुठे जात नाही. ते पाण्यातच कुजते, म्हणून त्या आठवड्यात स्पंज दोनदा धुवावा लागला आणि पाणीही थोडे थोडे बदलावे लागले.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तेच घरातल्या माशांच्या मरणाचे मोठे कारण. दिवा अमोनियाला काही करत नाही. त्याला आवर घालतात ते स्पंजमध्ये वस्ती केलेले उपयोगी बॅक्टेरिया. ते स्पंजला चिकटून असतात, म्हणून दिवा त्यांना मारत नाही. मारतो आपण, स्पंज नळाखाली धुऊन. नळातल्या क्लोरीनने ती वस्ती उठते. टँकमधून काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळावा. आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, हे दिवा असो वा नसो.

पांढऱ्या ठिपक्यांचेही तसेच. तो जीव माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा दिवा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पिकल्यावर तो गळून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिले होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. तेवढ्या वेळात जी दिव्यासमोर येतील ती मरतील, पण लहान टँकमध्ये त्यांना मासाच आधी सापडतो. औषध द्यावेच लागते. आणि औषध घातल्यावर दिवा बंद ठेवावा लागतो, कारण निळ्या औषधाच्या रंगात किरण अडतात आणि काही औषधे किरणांनी बिघडतात. दाजींनी पहिल्या वेळी दोन्ही एकदम केले होते. औषधाचे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

मग दिवा खरा कोणाच्या कामाचा? ज्याचे दहा-वीस टँक एकाच फिरत्या पाण्यावर आहेत त्याच्या. तिथे एका टँकमधला रोग पाण्याबरोबर सगळीकडे जातो आणि मधल्या वाटेवर बसवलेला दिवा ती वाट रोखतो. आपल्यातले कोणी शोभेचे मासे वाढवण्याचा जोडधंदा करू पाहत असतील तर त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मालाडहून जवळच, वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभेच्या माशांच्या संगोपनाला अर्थसाहाय्य ठेवले गेले, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत. जागेची आणि कागदपत्रांची अट असते, म्हणून पैसे गुंतवण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारावे. ऐकीव माहितीवर टँक विकत घेऊ नयेत.

मामांनी त्यानंतर आणखी चार घरांसाठी नळ्या बनवल्या. दोघांना त्यांनी परत पाठवले. "आधी खाद्य कमी करा, टँक उन्हातून हलवा, महिन्याने या," असे सांगून. धंदा बुडवता म्हणून मामी त्यांच्यावर चिडल्या, असे ऐकतो.

ताईच्या घरची नळी अजून चालू आहे. त्या दोन गोल्डफिशपैकी उरलेला एक आता हाताच्या पंजाएवढा झाला आहे आणि टँक त्याला लहान पडतो. दिव्याच्या स्टीलच्या भांड्यावर भाच्याने कागदाची पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर दिवा बसवल्याची तारीख, त्याखाली पुढच्या दिव्याची, आणि नळी पुसल्याच्या तारखा पेन्सिलीने. वर्षाची तारीख विसरू नये म्हणून ताईने ती घराच्या साफसफाईला बांधून टाकली. १४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी भिंतींना चुना लागतो, तसबिरी खाली उतरवून पुसल्या जातात, पडदे धुवायला पडतात आणि त्याच दिवशी दाजी प्लग काढून जुना दिवा बाहेर घेतात. निळा उजेड तेव्हाही चांगला पडत असतो.